एक मनगट आणि त्रेसष्ट घड्याळे



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही नव्या कामगार संहितांवर बोलू अशी त्यांची साहजिक अपेक्षा होती. गेली तीस वर्षे द्वारसभांतून वेतन, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांखेरीज आम्ही फारसे काही बोललेलो नाही. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि नगर वाचनालयाने केले. तेव्हा आज आम्ही एका छंदाबद्दल, आणि तो छंद आवरण्याच्या धडपडीबद्दल बोलणार म्हटल्यावर पुढच्या रांगेतली काही मंडळी घड्याळाकडे पाहू लागली आहेत. पाहा, खुशाल पाहा. आमचा विषयच तो आहे.

आमच्या घरी एचएमटीची त्रेसष्ट घड्याळे आहेत. मनगट मात्र एकच आहे; म्हणजे मनगटे दोन, पण दोन्ही हातांत घड्याळ बांधून द्वारसभेत उभे राहण्याचे धैर्य आम्हांस नाही. आमच्यासारखेच या नादाचे आणखी पाच जण गावात निघाले. एक निवृत्त टर्नर, एक पोस्टातले, एक यंत्रमागावरचे जॉबर, एक शाळामास्तर आणि एक वीजमंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. दर रविवारी आम्ही सहा जण एकत्र बसून एकमेकांची घड्याळे पाहत असू. त्यांतले लाइनमन आता नाहीत. त्यांच्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

एचएमटी हे नाव इथल्या तरुणांस आजोबांच्या फोटोतले वाटेल. हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना १९५३ साली बंगलोरला उभा राहिला आणि १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने त्याने घड्याळे करावयास घेतली. पुढे तुमकूरला, श्रीनगरला, राणीबागला त्याचे घड्याळांचे कारखाने निघाले. 'जनता', 'पायलट', 'जवान', 'कोहिनूर', 'कांचन' ही त्या घड्याळांची नावे. जावयाला सायकल, रेडिओ आणि एचएमटी दिले की सासऱ्याची मान ताठ राही. पंचवीस वर्षे नोकरी झाली की कंपनीही कामगाराला तेच देई. मग काट्यांना बॅटरी आली. टाटा आणि तामिळनाडूची औद्योगिक विकास संस्था यांनी मिळून १९८४ साली टायटन काढली, आणि सरकारी कारखान्याचे घड्याळ मागे पडत गेले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा घड्याळांचा उद्योग बंद करण्यास मंजुरी दिली. कारखाना मिटला तशी त्याच्या घड्याळांची किंमत चढू लागली, आणि आमच्यासारख्यांची झोप उडाली.

कामगाराला घड्याळाचे एवढे काय, असे कोणी विचारील. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरण्यांत कारखान्याचे घड्याळ सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे सरकवीत असत, आणि कामगाराने स्वतःचे घड्याळ बाळगणे धोक्याचे मानले जाई, अशा त्या काळच्या कामगारांच्या हकिकती ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराने १९६७ सालच्या एका निबंधात दिल्या आहेत. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांना गिरणी कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी १८८४ पासून झगडावे लागले. १० जून १८९० रोजी ती मिळाली. दिवस कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे ठरविण्याचा हक्क कोणाचा, हाच आमच्या चळवळीचा पहिला प्रश्न होता. म्हणून कामगाराच्या मनगटावर त्याचे स्वतःचे घड्याळ, तेही त्याच्यासारख्याच कामगाराने सरकारी कारखान्यात जोडलेले, ही आम्हांस लहान गोष्ट वाटत नाही. पण हे पहिल्या घड्याळाचे समर्थन झाले. चौसष्टाव्याचे काय?

इथे जरा दूर जाऊ. अमेरिकेत बंदुका जमविण्याचा छंद आहे. तिथे २०१७ साली लोकसंख्या साडेबत्तीस कोटींच्या आसपास होती आणि खाजगी बंदुकांचा अंदाज एकोणचाळीस कोटींवर गेला होता. त्या बंदुका सगळ्यांत सारख्या वाटलेल्या आहेत असे मात्र नाही. २०१५ च्या एका पाहणीत दिसले की शंभरांतल्या तीन प्रौढ माणसांकडे मिळून देशातल्या निम्म्या बंदुका आहेत, प्रत्येकी सरासरी सतरा. सतरा बंदुका चालवावयाला हात दोनच. स्वसंरक्षण हे उत्तर पहिल्या बंदुकीला पुरते, फार तर दुसरीला; सतराव्या बंदुकीमागे जे आहे ते आमच्या त्रेसष्टाव्या घड्याळामागेही आहे. आपल्या देशात तेवढ्यापुरता प्रश्न कायद्याने सोडविला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात १९८३ मध्ये दुरुस्ती होऊन परवानाधारकाला तीन बंदुकांची मर्यादा आली. २०१९ च्या विधेयकात ती एकावर आणण्याचा प्रस्ताव होता. ओरड झाली आणि दोनवर तडजोड झाली. बंदूक माणूस मारते म्हणून सरकार मध्ये पडते. घड्याळ कोणाला मारीत नाही. तेव्हा रेघ कोठे मारावयाची हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते, आणि ज्याचा त्याला ते ठरविता येत नाही हीच तर अडचण आहे.

ही ओढ नेमकी कशाची, याचा आम्ही सहा जणांनी पुष्कळ खल केला. घड्याळाची म्हणावे तर घड्याळ घरी आल्यावर दोन दिवसांत पेटीत जाते. जॉबर म्हणाले ते आम्हांस पटले. ते म्हणाले, 'मजा हुडकण्यात आहे, सापडल्यावर काय राहतंय?' पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी जावे. जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर नळाच्या तोट्या, कुलपे, मोडकी टेलिफोन यंत्रे आणि मध्येच एखादी काळी तबकडी चमकावी. दहा फेऱ्यांत एकदा चमकते. दहाच्या दहा वेळा चमकली असती तर आम्ही केव्हाच कंटाळलो असतो. मटक्याच्या आकड्यासारखेच हे. आता तर जुना बाजार रात्रंदिवस फोनमध्ये भरलेला असतो. पूर्वी बाजाराला जावयाला बसभाडे पडे, घरी सांगून जावे लागे, परत येताना पिशवी दिसे. आता रात्री एक वाजता अंथरुणात पडल्या पडल्या अंगठ्याने खरेदी होते आणि पार्सल युनियनच्या कचेरीत येते.

दुसरी गंमत जोडीची आहे. पांढऱ्या तबकडीची 'जनता' घेतली की काळ्या तबकडीची हवी. काळी आली की देवनागरी आकड्यांची. फ्रेंच पंडित दिदरो याला एक नवा झगा भेट मिळाला. त्या झग्यापुढे जुनी खुर्ची वाईट दिसू लागली, खुर्ची बदलली तर मेज, मेज बदलले तर भिंतीवरची चित्रे. सारे बदलेपर्यंत जुन्या झग्यातले सुख गेले, असा त्याने आपल्या जुन्या झग्याविषयी एक निबंधच लिहिला आहे. अडीचशे वर्षे झाली त्याला. आमच्या टर्नर मित्रांनी दिदरो वाचलेला नाही, पण त्यांनी घड्याळांसाठी आधी पेटी घेतली, मग पेटीत सहा खाने रिकामे दिसतात म्हणून सहा घड्याळे घेतली.

तिसरे कारण जरा आदराने सांगितले पाहिजे, कारण ते आमच्याच लोकांचे आहे. 'आपण नाही घेतले तर हे भंगारात जाईल' असे आम्ही म्हणतो. कारखाना बंद पडला, यंत्रे गेली, माणसे पांगली. निदान त्यांच्या हातचे काम तरी वाचवू. युनियनच्या माणसाला हे बोलणे फार गोड लागते. परंतु हिशेब पाहा. जुन्या बाजारात आम्ही एका 'पायलट'ला जी किंमत मोजतो तिच्यातला एक पैसाही ज्याने ती जोडली त्या बंगलोरच्या कामगाराकडे जात नाही. आणि दुर्मीळ दुर्मीळ काय म्हणता? कंपनीच्या सांगण्याप्रमाणे तिने दहा कोटींहून अधिक घड्याळे केली. ज्या वस्तूचे नावच 'जनता' तिला दुर्मीळ म्हणून विकणारा आणि घेणारा, दोघेही मोठे विनोदी गृहस्थ म्हणावयाचे.

टर्नर मित्रांना एकदा चादरीवर एक घड्याळ मिळाले. मागच्या झाकणावर कोरलेले: एका कामगाराचे नाव, कारखान्याचे नाव आणि पंचवीस वर्षांच्या निष्ठावंत सेवेबद्दल. त्यांनी नऊशे रुपये दिले आणि ते आमच्या बैठकीत आणले तेव्हा कोणी बोलेना. हे त्या घरी परत गेले पाहिजे असे ठरले. निवृत्त कामगारांच्या संघटनेकडून पत्ता काढीत काढीत तीन महिन्यांनी त्या माणसाच्या मुलापर्यंत पोचलो. मुलगा चाळिशीचा, सभ्य. त्याने घड्याळ हातात घेतले, उलटून पाहिले आणि म्हणाला, 'काका, हे आम्हीच विकलं हो. चालत नव्हतं, आणि बाबांना ते कधी आवडलंही नाही. त्यांना त्या वर्षी बढती हवी होती.' चहा दिला त्याने. टर्नर घड्याळ घेऊन परत आले. ते अजून त्यांच्याकडे आहे.

आता लबाडीचा भाग. जिथे मागणी तिथे कारखानदार निघतोच. मोडक्या घड्याळांची यंत्रे एकीकडून, खोके दुसरीकडून, काटे तिसरीकडून घ्यावयाचे. तबकडी खरवडून तिच्यावर निळा, शेंदरी, पोपटी असा मूळचा नसलेला रंग द्यावयाचा आणि नाव नव्याने छापावयाचे. संग्राहक याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. अक्षरांची जाडी पाहिली, मिनिटांच्या खुणा काट्याच्या टोकाशी जुळतात की नाही हे पाहिले की कळते. पण रात्री एक वाजता, फोनच्या काचेवर, 'शेवटचा एकच नग' असे लिहिलेले असताना कळत नाही.

लाइनमन मित्र दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. महिन्याभराने त्यांच्या पत्नी एक पिठाचा डबा आणि दोन बिस्किटांचे पत्र्याचे डबे घेऊन कचेरीत आल्या. एकशे अठरा घड्याळे होती. आम्ही रविवारी पाहिलेली त्यांतली चाळीस असतील. बाकीची त्यांनी आम्हांलासुद्धा दाखविली नव्हती. वहिनी म्हणाल्या, 'भाऊ, ह्यातलं खरं किती ते सांगा. धाकटीची फी भरायची आहे.' आम्ही पाच जण तीन संध्याकाळ बसलो. प्रत्येक घड्याळ उघडले, चिठ्ठी लावली. चालू एकतीस निघाली. निम्म्याच्या आसपास 'मुंबई स्पेशल'. डब्यात तळाशी एक वही होती. तीत प्रत्येक खरेदीची तारीख, मॉडेल, विकणाऱ्याचे गाव आणि किंमत, वीजमंडळाच्या नोंदवहीसारख्या सुरेख अक्षरात. नऊ वर्षांच्या नोंदी. एकाही पानाखाली बेरीज नव्हती. ती आम्ही केली. बाजारात येईल ती किंमत त्या बेरजेच्या तिसऱ्या हिश्शालाही पोचत नव्हती. निवृत्तीचे पैसे कोठे गेले हे वहिनींना त्या संध्याकाळी प्रथम कळले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी लग्नातले घड्याळ तेवढे ओळखून बाजूला काढले आणि बाकीच्यांचे काय ते तुम्हीच करा म्हणाल्या. ती विकावयाला आम्हांला सात महिने लागले. कोणते खरे, कोणते बनावट हे लिहून विकली म्हणून जास्त लागले.

श्रोतेहो, संग्राहक तेवढे सगळे वाया गेलेले असतात असे आम्ही म्हणत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांचा चष्म्यांचा धंदा होता आणि ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता करीत. साठ-सत्तर वर्षे ते अडकित्ते, दिवे, दौती, दारांच्या चौकटी जमवीत हिंडले. पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीने होत्या. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय केले आणि वीसेक हजार वस्तूंचा तो संग्रह सरकारच्या, म्हणजे आपल्या हाती दिला. उलट इंग्लंडचे सर टॉमस फिलिप्स पाहा. १७९२ ते १८७२ हा त्यांचा काळ. जगातल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत आपल्यापाशी असावी ही त्यांची इच्छा. घरात चालावयाला वाट उरली नाही, पुस्तकविक्रेत्यांची देणी थकली. त्यांच्यामागे तो संग्रह विकून संपवावयाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. ओढ दोघांची सारखीच होती असे आमचे मत आहे. केळकरांनाही कोणी 'आता पुरे' म्हटले असते तर त्यांनी ऐकले नसते. पण केळकर वस्तू आणीत त्या दाखवावयाला. आमचे मित्र पिठाच्या डब्यात लपवीत होते. आम्हांस विचाराल तर लपविणे सुरू झाले की छंदाचा आजार झाला असे समजावे. वस्तूंची संख्या मोजीत बसू नये.

त्या तीन संध्याकाळींनंतर आम्ही पाच जणांनी एक करार केला. निश्चय करण्यात आमचा विश्वास नाही. एकट्या कामगाराने मालकापुढे केलेला निश्चय किती टिकतो ते आम्ही पाहिले आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली सार्वजनिक उपयोगितेच्या सेवेत संप करावयाचा तर चौदा दिवसांची नोटीस लागे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती नोटीस सगळ्याच आस्थापनांना लावली, आणि तिच्याविरुद्ध आम्ही मोर्चे काढले. संपाचा जोर नोटिशीने जातो हे आमचे म्हणणे आजही आहे. पण तेच तत्त्व उलटे लावून पाहिले. ज्याला घड्याळ घ्यावयाचे आहे त्याने बाकीच्या चौघांना लेखी नोटीस द्यावयाची: मॉडेल कोणते, किंमत किती, आणि हे आले तर घरातून कोणते जाणार. त्यानंतर चौदा दिवस खरेदी नाही. नोटिशीची एक प्रत घरच्या मंडळींना. ही शेवटची अट शाळामास्तरांनी घातली, आणि तिच्यावरच सर्वांत जास्त वेळ वाद झाला.

चौदा महिन्यांत एकूण एकोणचाळीस नोटिसा आल्या. प्रत्यक्ष खरेद्या झाल्या सहा. बाकीच्या तेहतिसांचे काय झाले? काही घड्याळे मधल्या काळात विकली गेली. त्यांचे दुःख दोन दिवस टिकले. पुष्कळ ठिकाणी नोटीस देणाऱ्यालाच दहाव्या दिवशी आठवेना की त्यात एवढे काय होते. आणि काही नोटिसा तिसऱ्या रकान्यात अडकल्या, कारण घरातले कोणते जाणार हे लिहिता लिहिता हात थांबला. एक फितुरी झाली. पोस्टातल्या मित्रांनी एक 'कांचन' गुपचूप घेतले आणि मेहुण्याने भेट दिले असे सांगितले. त्यांना काढून टाका असे एकजण म्हणाला. आम्ही म्हटले, फुटीर माणसाला काढून युनियन मोठी झालेली आम्ही पाहिली नाही. त्यांना ते घड्याळ बैठकीत आणावयाला सांगितले, सर्वांनी पाहिले, चांगले होते म्हणून सांगितले. त्यानंतर त्यांच्याच नोटिसा सर्वांत व्यवस्थित येतात.

दुसरा नियम चावीचा. या घड्याळाच्या पोटात एक कमान असते. ती गुंडाळली की उलगडता उलगडता दीडेक दिवस काटे हलवते. तोलचक्र तासाला अठरा हजार ठोके टाकते. तेल वाळले की खड्यांत फिरणारे आस झिजू लागतात. म्हणून चार-पाच वर्षांनी प्रत्येक घड्याळ खोलून साफ करावे लागते. आमच्या त्रेसष्टांना हे लावले तर वर्षाला तेरा-चौदा घड्याळे दुरुस्तीला गेली पाहिजेत, आणि गावात हे काम जाणणारे हात दोनच उरले आहेत, दोघेही सत्तरीचे. ज्याला जेवढी घड्याळे ठेवावयाची आहेत त्याने रविवारी तेवढ्यांना स्वतः चावी द्यावयाची, असे आम्ही ठरविले. एकेकाला तीसेक वळसे धरले तर आमचे जवळजवळ एकोणीसशे होतात. अंगठ्याची कातडी सोलते. तिसऱ्या रविवारी जॉबरांनी आपली अठरा घड्याळे कमी केली. ओढीविषयी चार तास केलेल्या चर्चेने जे झाले नव्हते ते अंगठ्याने केले. कमी केलेली घड्याळे बाजारात पुन्हा न टाकता, नोकरीला लागणाऱ्या पोरांना एकेक द्यावी असे चालले आहे, सहा दिली. त्यांपैकी चौघांची मनगटावर दिसतात, दोघांनी विकली असावीत. विकोत बापडे.

आमच्या स्वतःच्या घरी बोलणी चालू आहेत. सौभाग्यवतींनी मागणीपत्र दिले आहे: महिन्याला एक याप्रमाणे बारा घड्याळे ठेवा, बाकीची द्या. आम्ही चाळीस म्हटले. त्यावर त्यांनी विचारले, 'अहो, तुम्ही कामगारांची मागणी घेऊन जाता तेव्हा मालक पहिल्यांदा जे म्हणतो त्याला तुम्ही काय म्हणता?' याचे उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही. पुढची बैठक येत्या रविवारी, चावी देऊन झाल्यावर आहे.